उशीच्या खोळीतलं पत्र

मंगळवार, सकाळ

आजोबा, नमस्कार. सिनेमावाल्यांत तुमचं नाव फार मोठं, पण वयाकडे बघून आजोबाच म्हणते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. नवऱ्याने काल गॅलरीचे तीन गज कापले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमची पोरगी दहा महिन्यांची आहे. रांगते.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या उशांच्या खोळी ज्या दुकानात शिवल्या, तिथे मी काजं-बटणं करते. गठ्ठा आज तुमच्याकडे येईल. सगळ्यात वरच्या खोळीत हे पत्र घालतेय. चौथीपर्यंतच शिकलेय, चुकलं तर हसू नका.

नवरा लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि तुमचा भक्त आहे. जेवताना तुम्ही, झोपताना तुम्ही. भिंतीवर तुमचा फोटो, आमच्या लग्नाचा ट्रंकेत. सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. तुमच्या डोक्यावर त्याही नाहीत.

रविवारी तो तुमच्या सिनेमातलाच एक सीन काढणार आहे. बाळ गच्चीच्या काठाकडे रांगत जातं आणि आई बंद दाराआडून बघते, तो. तुम्ही कुठे म्हणालात म्हणे, भीतीचं नाटक होत नाही, ती खरीच लागते. म्हणून बाळ आमचं, आई मी, गच्चीच्या जागी गज कापलेली गॅलरी, दाराला गॅलरीकडून कडी. "मी दोन हातांवर असेन ना!" म्हणतो. पण डोळा कॅमेऱ्याला लागला की त्याला हाकसुद्धा ऐकू येत नाही.

एवढं काय आहे त्यात, म्हणून जळून जळून मीपण तो सीन चाळीस वेळा पाहिला. परवा दिसलं. बाळाच्या झबल्याला पाठीवर एक चुणी आहे, मागे ओढलेली. सुती कापड असं आपोआप उठत नाही. आतून पट्टा आहे आणि मागे कोणीतरी तो धरलाय. कापडाचं मला कळतं.

त्याला दाखवलं. म्हणाला, "गुरुजी पट्टा बांधतील? तू बटणं लाव, जा."

आता एक राहिलं. या सीनला हो मीच म्हणाले होते. वर्षभरात पहिल्यांदा तो माझ्याकडे तुमच्या सिनेमाकडे बघतो तसं बघत होता. "असे डोळे गुरुजींनापण मिळाले नाहीत," म्हणाला. विरघळले मी. परत तसं बघितलं तर परत हो म्हणेन, त्याचीच भीती वाटते.

तुमच्या हाताने दोन ओळी लिहून दुकानात पाठवा, पट्टा होता म्हणून. तुमचं ऐकेल. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. हे लिहितानासुद्धा तुमचा राग येतोय.

एका पोरीची आई

ता. क. गठ्ठा उघडणारं दुसरं कोणी असेल, ताई, दादा, जे कोणी, तर माझ्या भावाला फोन करा. लग्न केल्यापासून तो माझा फोन उचलत नाही. भाचीला अजून बघितलेलं नाही. नंबर पाठीमागे लिहिलाय. वेल्डर आहे तो. एवढंच सांगा, रविवारच्या आत मशीन घेऊन ये, तीन गज जोडायचेत. खोळी मागाहून चढवा. आधी फोन करा.