कच्च्या दुधाची जागा

अण्णा, आज सकाळी दूध उतू गेलं आणि मला तुमचा इतका राग आला, की ओटा पुसायचा तसाच ठेवून लिहायला बसले. दूध आईच्या हातून उतू गेलं. तुम्ही गेल्यावर जालन्याला माझ्याकडे राहायला आल्यापासून ती दुसऱ्या कुणाला दूध तापवू देत नाही. एक हात ओट्यावर टेकून, कमरेत वाकलेली, पातेल्यासमोर उभी राहते. उकळी आली की गॅस बारीक करते, परत मोठा करते. मी म्हणते, "अगं, पिशवीतलं दूध आधीच तापवून येतं." ती म्हणते, "येऊ दे. माझ्या डोळ्यासमोर तापलं म्हणजे बरं." आज उभं राहवेना म्हणून ती जरा पाटावर टेकली, तेवढ्यात दूध वर आलं. आणि ती माझी माफी मागायला लागली. माफी, अण्णा! तिनं!

मी आठवीत होते. तुम्ही औरंगाबादच्या निसर्गोपचाराच्या शिबिरातून आलात आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत हसनाबादच्या आपल्या घरातली चूल बंद केलीत. "इस्तवावर चढलं ते मेलं. आजपासून या घरात मेलेलं खायचं न्हाई." स्टोव्ह माळ्यावर, तवा माळ्यावर. चहाचा डबा तर तुम्ही सालगड्याला देऊन टाकला, आणि आई पदर तोंडाला लावून बघत राहिली. मंग सकाळ-संध्याकाळ मोडाची मटकी, भिजवलेले शेंगदाणे, काकडी, गाजर, मेथीचा पाला. ऐन थंडीत दिवसभर वावरात राबून आलेल्या बाईच्या ताटात गारढोण मटकी! शेजारच्या काकू भाकरी टाकायला बसल्या की मी पुस्तक घेऊन त्यांच्या भिंतीला टेकायचे. अभ्यास कसला डोंबलाचा, भाजल्या ज्वारीचा वास घ्यायचे.

पण तुमचं गाडं अडलं ते दुधापाशी. शिबिरातल्या गुरुजींनी बजावलं होतं, कच्च्या आहारात दूध बसत नाही, ते वासराचं. दावणीला दोन गाई असलेल्या माणसाला हे कसं पटावं? बरेच दिवस तुम्ही ओसरीवर येरझारा घातल्या, स्वतःशीच वाद घातला. शेवटी एका सकाळी चरवी हातात घेऊन आरोळी ठोकलीत, "अरे, तापवलंच न्हाई तर ते कच्चंच की! ती गाईच्या अंगाची ऊब हाये, आगीची न्हाई." झालं. तेव्हापासून बाकीचे नियम थोडे इकडेतिकडे झाले तर चालायचे, दूध तापवणं मात्र बिलकुल नाही. दहीसुद्धा कच्च्या दुधाचंच. धावड्याहून मामा आले, दोन दिवस मटकी चघळून कळवळले, "दाजी, कपभर चहा तरी?" तुम्ही त्यांच्या हातात फेसाळ दुधाचा पेला दिलात आणि वर तासभर प्रवचन. जाताना मामा मला दारात म्हणाले, "तुझ्या बापानं वकील व्हायला पाहिजे व्हतं." खोटं कशाला बोलू, मलाही ते दूध आवडायचं. तुम्ही धार काढताना एखादी धार नेम धरून माझ्या तोंडात सोडायचात. नाकावर, गालावर उडायची. आपण दोघं हसायचो.

मग तांबडी गाय गाभडली. दिवस भरायच्या आधीच मेलेलं वासरू पडलं. आईनं नुसत्या हातांनी गोठा साफ केला. गाय थोडं दूध द्यायला लागली तेव्हा ती तुमच्यासमोर चरवी घेऊन उभी राहिली, ते मला अजून दिसतं. "अवं, येवढ्या गाईचं तरी तापवू द्या. माझ्या मनात शंका येऊन राह्यली." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "शंका शिजवलेल्या अन्नानं येती." स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसलात. आईनं तिथंच, उभ्या उभ्या, पेला तोंडाला लावला.

तिला ताप यायला लागला. सांजेला चढायचा, पहाटे अंथरूण घामानं भिजायचं. कंबर धरली. बसली की उठवेना, उठली की बसवेना. तुम्ही पोटावर मातीच्या पट्ट्या ठेवल्यात, उपास करायला लावलेत, आणि ती पार चिपाड झाली तेव्हा कुठं जालन्याला दवाखान्यात नेलंत. मी पण आल्ते. डॉक्टरांनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरी जनावरं आहेत? कच्चं दूध पिता का?"

आल्यागेल्या प्रत्येकाला धरून कच्च्या दुधाचं माहात्म्य ऐकवणारे तुम्ही. तुम्ही म्हणालात, "छे छे. चांगलं उकळून पितो."

आईनं तुमच्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. नवरा बोलल्यावर चारचौघांत त्याला खोटं पाडायचं तिच्या रक्तातच नव्हतं. डॉक्टरांनी विषमज्वराची औषधं लिहून दिली. ती संपली, परत आणली, परत संपली. ताप तिथल्या तिथं. त्या काळात तिच्या कण्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं.

तुमचा त्या दुधावर विश्वास होता म्हणून ती आजारी पडली असती, तर मी तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं. वेडा होता माणूस, म्हटलं असतं. पण त्या खुर्चीवर बसून तुम्ही खोटं बोललात, म्हणजे तुम्हाला कळलं होतं. त्या क्षणी सगळं बराबर कळलं होतं, आणि बायकोच्या हाडांपेक्षा तुम्हाला डॉक्टरसमोरची इज्जत मोठी वाटली.

पुढं बदनापूरच्या मावशीनं हट्टानं दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. तुम्ही केळी आणायला खाली गेल्ता. त्यांनीही तेच विचारलं आणि आई हळूच म्हणाली, "कच्चंच पितो. आमची चूल बंद हाये." रक्त तपासलं. जनावराकडून आलेला ताप निघाला. गोळ्यांनी ताप गेला, कंबर गेली ती गेलीच. त्या संध्याकाळी तुम्ही माळ्यावरून स्टोव्ह काढलात, तिच्यापुढं ठेवलात आणि म्हणालात, "दूध तापवत जा." जशी काही चूक तिचीच होती! आणि पुढच्या दिवाळीला ओसरीवर पाहुण्यांना सांगत होतात, "कच्च्या आहारात दुधाला जागाच न्हाई. मी पहिल्यापासून म्हणून राह्यलो." आई आतून चहाचा ट्रे घेऊन आली. वाकूनच. वाढताना सगळे वाकतात, त्यामुळे पाहुण्यांच्या काही लक्षात आलं नाही.

हे सगळं मी तिच्यापुढं किती वेळा काढलं! ती एकच म्हणते, "लाज वाटली असंल गं त्यांना. जाऊ दे." मी म्हणते, लाज कसली, हूं का चूं नाही केलं मरेपर्यंत.

आत्ता ती आतून विचारून राह्यली, "काय लिहितीस येवढं?" मी म्हटलं, काही नाही. हा कागद मी फाडून टाकीन. कारण यात एक गोष्ट आहे जी मी तिला कधी सांगितली नाही. त्या पहिल्या दवाखान्यात "उकळून पितो" म्हणताना तुम्ही टेबलाखाली माझा हात धरला होता, अण्णा. तुमचा तळवा घामानं चिंब होता. हे ऐकलं तर ती तुम्हाला आणखीच माफ करील, आणि मग तुमच्यावर रागावणारं कुणी उरणार नाही. मला एकटीला हा राग धरून ठेवणं आता जमेनासं झालंय.