आईंच्या खोलीची कडी

भाऊजी,

दुपारपर्यंत माझं मौन असतं, म्हणून लिहून ठेवते. तुम्ही गुंडाळलेलं तारेचं वेटोळं फाटकाच्या घंटेसाठी आहे म्हणालात. घंटेला गाडीची बॅटरी कशाला लागते? संशय घेऊ नये, पण काल आई झोपल्या होत्या आणि मी त्यांच्या खोलीत जप करत होते. तेवढ्यात दाराची आतली आडवी लोखंडी कडी आपोआप सरकू लागली. मी खाकरले, तशी तुमची पावलं लांब गेली. वृद्धाश्रमात न्याल या धास्तीनेच आई कडी लावून बसतात.

परवा बॅटरी जोडल्यावर तुमच्या वेटोळ्याने चुंबकासारखे खिळे ओढले, पण माझा पितळी दिवा जागचा हलला नाही. आज तिथे पितळेची कडी बसवून घेतली आहे. आत यायचं असेल तर आईंना हाक मारा.

जेवण झाकून ठेवलंय.

वहिनी