मागचा नळ चावतो

६ जानेवारी, सोमवार

आई म्हणते, मागच्या अंगणातला नळ चावतो. हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या! सकाळी आंघोळ करून ओलेत्यानं देवाचं पाणी भरायला गेली आणि कळशी तिथंच सोडून आत आली. "स्वल्प हात लावून बघ रे सुमंता."

ऑफिसातून आल्यावर लावला. काही नाही. टेस्टर लावला, तोही पेटला नाही. लोखंडी पाइपचा नळ, आसपास वायर नाही, बटण नाही — करंट येणार कुठून? बंगळूरच्या राजाजीनगरातल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे फ्यूज उडाला की मलाच फोन येतो. घरात मात्र शिकवायला आई आहे.

९ जानेवारी

पुन्हा तेच. म्हटलं, एकदाचा निकाल लावू. संध्याकाळी बाबांनी शिकवल्याप्रमाणे आधी मेन बंद केला. घरातले सगळे बोर्ड उघडले, एकेक स्क्रू आवळला. मेन पुन्हा चालू करून नळाला टेस्टर लावला. काही नाही. बाथरूमचा बोर्ड तेवढा उघडला नाही. गेल्या वर्षी नवा गिझर आणला तेव्हा तो मीच बसवलाय, त्यात काय बघायचं?

माझीच बायको, पण श्वेता म्हणाली, "एकदा इलेक्ट्रिशियनला बोलव ना." माझ्या घरात इलेक्ट्रिशियन!

१४ जानेवारी, संक्रांत

सणाच्या दिवशी भांडण. श्वेता आंघोळीला गेली होती आणि आईनं बाहेरून गिझरचं बटण बंद केलं. या आठवड्यात तिसऱ्यांदा! श्वेता डोक्यावर फेस घेऊन बाहेर आली. आई शांतपणे म्हणाली, "हे बटण चालू असलं की नळ चावतो गं. माझं पाणी भरून होईपर्यंत बंद असू दे."

गिझर भिंतीच्या या बाजूला, नळ त्या बाजूला. श्वेता मला बाजूला घेऊन म्हणाली, "सीरियसली सांगते सुमंत, आईंना भास होतायत. माझ्या मावशीचं पुण्यात अस्संच सुरू झालं होतं." मी स्वतः त्या नळाला दहादा हात लावलाय. अर्थात संध्याकाळी, पायात चपला घालून. आई सोवळ्यात चपला घालत नाही, आणि आपण घालतो याचाही तिला राग येतो.

२२ जानेवारी

डॉक्टरांकडे गेलो. आईची शुगर पंधरा वर्षांची, म्हणून आधी नसांचा त्रास असेल म्हणाले. मग श्वेतानं गिझरचं सांगितलं. मग त्यांनी आईला सोडून माझ्याशीच बोलायला सुरुवात केली. "घरचं वायरिंग तपासलंत?" म्हटलं, मी जातीनं तपासलंय. "तुम्ही इलेक्ट्रिकल इंजिनियर?" हो, तसंच काहीसं, म्हणालो. मी पर्चेसमध्ये आहे.

रात्रीची एक गोळी दिली. भास कमी होतील म्हणे. परतताना रिक्षात आई एवढंच म्हणाली, "तू तपासलंस म्हणजे तसंच असेल."

३० जानेवारी

गोळी लागू पडली. नळाचं नाव नाही. दुपारीही गाढ झोपते.

९ फेब्रुवारी

आज जेवताना आईच्या हातातून दोनदा चमचा पडला. हात थरथरतो. आज वार कोणता, तीनदा विचारलं. पाणी भरायला अंगणात जात नाही, पूजा मीच उरकतो. पहाटे तिची स्तोत्रं ऐकू यायची, मी कूस बदलून चिडायचो. आता घर शांत असतं. मला ते अजिबात सहन होत नाही.

१७ फेब्रुवारी

बाबांचं श्राद्ध. स्वयंपाकाचं पाणी ओलेत्यानंच भरायचं ही आमच्याकडची रीत. इतकी वर्षं आईच भरायची. आज तिला उठवलं तर बसल्या बसल्या पुन्हा कलंडली. शेवटी मीच आंघोळ केली, ओला पंचा नेसलो, तांब्याची कळशी घेऊन अनवाणी मागे गेलो. आत श्वेताची आंघोळ चालू होती.

नळाला हात लावला आणि कुणीतरी खांदा उपटून काढावा तसं झालं. कळशी दगडावर आपटली, मी तिच्या शेजारी. गुरुजी धावत आले. पाय घसरला म्हणालो. धडपडत आत आलो आणि पहिलं काम केलं ते गिझरचं बटण बंद करण्याचं. आईसारखंच.

मग पाणी भरलं. पिंडदान झालं. गुरुजींनी सांगितलं तेवढं सगळं केलं. हात अजून जड आहे.

१८ फेब्रुवारी

रजा घेतली. श्वेता कामाला गेल्यावर बाथरूमचा बोर्ड उघडला.

माझंच काम. या जुन्या घरात बाथरूमपर्यंत दोनच वायरी आहेत, अर्थिंगची तिसरी नाही. गिझर बसवताना भिंत फोडायचा कंटाळा आला, म्हणून सॉकेटमध्ये वीतभर वायर टाकून अर्थ न्यूट्रललाच जोडला होता. तात्पुरता! आता न्यूट्रलचा स्क्रू सैल होऊन काळा पडलाय. गिझर चालू केला की त्या तुकड्यातून करंट टाकीत, टाकीतून पाइपात, पाइपातून मागच्या नळाला. आतला नळ प्लास्टिकचा, म्हणून श्वेताला कधी जाणवलं नाही.

कोणता नळ, कोणत्या वेळी, कोणतं बटण — आईनं सगळं शोधून मला सांगितलं होतं. टेस्टर नव्हता तिच्याकडे. आणि मी तिला वेडी ठरवून आणली. मला स्वतःची किळस येते.

शेवटी कृष्णमूर्ती इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं तो तुकडा चिमट्यात धरून विचारलं, "यारु माडिद्दु सार इदु?" कुणी केलं हे? आधीचा इलेक्ट्रिशियन, म्हणालो. त्यानं त्याला कन्नडमध्ये दोन शिव्या दिल्या, मी मान हलवली. "सार, अनवाणी माणूस असतं तर गेलंच असतं." संध्याकाळपर्यंत त्यानं नवी अर्थिंग ओढली, ट्रिप स्विच बसवला. श्वेताला सांगितलं, जुनं झालं होतं म्हणून बदललं.

२० फेब्रुवारी

आज आईला सगळं सांगायचंच असं ठरवून तिच्याजवळ बसलो. तीच आधी बोलली. जीभ जड झालीय, शब्द हळूहळू येतात.

"माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला रे. नळ कधी चावतो का? मलाच भास व्हायचे. डॉक्टर हुशार आहे." मग श्वेताला हाक मारून, गिझर बंद करायची म्हणून तिची माफी मागितली. श्वेताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आईला जवळ घेतलं.

तेवढ्यात इंदिरानगरहून वासंतीआत्याचा फोन आला. आईनं तिला डॉक्टरांचा पत्ता द्यायला सांगितलं. मी दिला. आईला उद्या सांगतो.

२१ फेब्रुवारी

नाही जमलं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. आईला धरून मागे नेलं. म्हटलं, लाव हात नळाला, आता बघ. तिनं लावला. "बघ, काही नाही," म्हणाली, "तू म्हणत होतास तेच खरं." मी तोंड उघडलं होतं. मग तिच्या हातात कळशी दिली, तिला ती पेलली नाही.

५ मार्च

डॉक्टर खूश. गोळी छान मानवलीय, वर्षभर चालू ठेवा म्हणाले. मग माझ्याकडे वळून — "काही शंका?" आईही माझ्याकडेच बघत होती. नाही म्हणालो. येताना दोन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या.