हिरवे ठिपके

४ ऑक्टोबर

एकही मोटर चालली नाही. एकही! स्टॅम्पएवढी चिप, तिच्यात केसाएवढ्या नळ्या नि शेकडो खोल्या, प्रत्येक खोलीत थोडं थोडं बदललेलं मोटर प्रोटीन, धाग्यांवरून चालणारं, निळ्या लेझरखाली हिरवं चमकणारं — आणि सगळीकडे हिरवे ठिपके जागच्या जागी उभे. परवा दसऱ्याला बाबांना लॅब दाखवली तेव्हा हेच ठिपके धाग्यांवरून कसे तुरुतुरु पळत होते! बाबा स्क्रीनसमोरून हलायला तयार नव्हते.

एखादी खोली बिघडू शकते. सगळ्या एकदम कशा? कोणीतरी काहीतरी टाकलं आहे. लॅबची चाबी दोघांकडेच — माझ्याकडे आणि प्रोजेक्टमधल्या अनिमेषकडे. आणि आमच्या रिसर्च पेपरवर पहिलं नाव कोणाचं, हे अजून ठरलेलं नाही.

६ ऑक्टोबर

अनिमेष म्हणे, "दीदी, ये मोटर हैं ही नहीं शायद. कचरा है. साथ में देख लें?" इतका गोड काहून बोलून राहिला हा? चिप पर्समध्ये घालून रांझीला घरी घेऊन आले.

७ ऑक्टोबर

नवी चिप. तेच. तो दारातून बघत होता.

८ ऑक्टोबर

गाइडना, प्रतिमा मॅडमना, सांगून टाकलं. त्यांनी त्याला प्रोजेक्टमधून काढलं, चाबी टेबलावर ठेवायला लावली. "मैंने हाथ भी नहीं लगाया," एवढंच बोलला. मला बरं वाटलं! खोटं काहून लिहू.

घरी बाबांचं रोजचंच — "चालली का तुझी मोटर?" फॅक्टरीतून रिटायर झाले, मशीनचं वेड काही जात नाही.

९ ऑक्टोबर

ठिपके उभेच! नक्की अनिमेषने दुसरी चाबी बनवून ठेवली असणार. पकडायचंच म्हणून आज चिपमध्ये मोटर टाकल्याच नाहीत, नुसतं पाणी सोडलं. मी स्वतः, दार लावून.

तरी हिरवे ठिपके.

१० ऑक्टोबर

मायक्रोस्कोपचं मशीन पुसायला घेतलं. चिपच्या बरोबर वर एक दांडा आहे, त्याच्या मागच्या अंगाला बोट लावलं तर पिवळं. वास घेतला — हळद! निळ्या लेझरखाली धरली. हिरवीगार चमकली. हीच झडून चिपवर पडत होती, आणि तिच्या चमकेत खऱ्या मोटर दिसतच नव्हत्या.

बाबांना विचारलं. "मग? दसऱ्याले मशीनले हळद-कुंकू नको लावाले? तू हात धुवाले गेली, तेवढ्यात लावलं. मागून लावलं, कोणी हसू नये म्हणून. काहून, चालली ना आता?"

"चालली, बाबा."

११ ऑक्टोबर

मॅडमना सगळं सांगितलं. अनिमेषची चाबी अजून त्यांच्या टेबलावरच होती. तिच्याशेजारी माझी ठेवून आले.