डिझाइन हेड, मुक्काम मुखेड

३ एप्रिल, सकाळी ११
डिझाइन हेड मॅडमनी कंपनी सोडली. हैदराबादच्या ऑफिसात रडारड आहे म्हणे. मी मुखेडला घरून काम करतो, त्यामुळे कोरड्या डोळ्यांनी विचार करता आला. चार वर्षं त्यांच्या सांगण्यावरून ॲपच्या बटणांचे कोपरे गोल केले. आता हेड मीच. पहिला हुकूम: सगळे कोपरे चौकोनी.

५ एप्रिल
नळाला पंधरा दिवस पाणी नाही. टँकर आला. त्यावर केरबाचा फ्लेक्स: पुढारी, गुलाब, सोनेरी अक्षरांत ‘नवा जिल्हा झालाच पाहिजे’. केरबा माझ्या वर्गातला, स्टँडसमोर फ्लेक्सचं दुकान. चित्रकलेत माझ्यापेक्षा तीन मार्क कमी होते त्याला. रांगेत शेजारच्या कोंडाबाई म्हणाल्या, केरबाच्या हातात लई कला हाय. मी सांगितलं, माझी बटणं चार कोटी लोक दाबतात. म्हणाल्या, दाबत असतील बाबा.
मी कुणावर जळत नाही. फक्त जेवण गेलं नाही.

११ एप्रिल
हेडच्या जागेसाठी व्हिडिओवर मुलाखत. उत्तम झाली. बहुतेक वेळ मीच बोललो.

१३ एप्रिल
बायकोने, शिवगंगाने, विचारलं, पत्र आलं का. म्हटलं, ती फॉर्मॅलिटी. केरबालाच माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स सांगितला. त्याच्या दुकानातून दिसेल असाच लावायचा. बजावलं: मोकळी जागा भरपूर, गुलाब नको. म्हणाला, हाव.

१५ एप्रिल
फ्लेक्स लागला. गुलाब आहेत. माझ्यामागे सिंहही आहे. चुका शोधत अर्धा तास समोर उभा राहिलो.

२२ एप्रिल
हेड बाहेरून आणला. बंगळूरचे कुणी सर. पहिल्याच मीटिंगमध्ये चार वर्षांचे गोल कोपरे रद्द. चौकोनीही नकोत म्हणे, मातीतलं काहीतरी हवं. शिवगंगाने स्टेटसला लावलेला माझा फ्लेक्स कुणीतरी त्यांना पाठवलेला. तो त्यांनी स्क्रीनभर दाखवला. सरांना मराठी वाचता येत नाही, एवढं नशीब. विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, मीच.

२३ एप्रिल
फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात केरबाचा मोबाइल नंबर आहे. चार वर्षं कोपरे पाहिले, हा तेवढा पाहायचा राहिला. सरांनी फोन लावला.

३० एप्रिल
केरबा आमच्या कंपनीचा कलासल्लागार. माझं काम आता तो तपासणार. पेढे घेऊन आला. म्हणाला, तुझ्यामुळंच झालं गड्या, तुला इसरणार न्हाई.
पेढा गोड होता. त्याचाच राग आला.

२ मे
माझा फ्लेक्स उतरवला. त्याच जागी केरबाचा. गुलाब तेच, सिंह तोच. टँकरच्या रांगेत कोंडाबाईंनी बोट दाखवलं, तुमचाबी फोटो आलाय की.
खाली, शुभेच्छुकांत, डावीकडून सातवा. फोटो गोल कापलाय.