शांतीचं मतदार कार्ड

३ जाने., शनि.
कलेक्टर ऑफिसातून पत्र आलं. शांतीच्या नागरिकत्वाच्या अर्जाची चौकशी, बुधवारी दहाला, मूळ कागद घेऊन या. लग्नाला अकरा वर्षं झाली, बायको कागदोपत्री अजून श्रीलंकेचीच. ती खुशीत कपाटातले कागद काढून फाईल लावत बसली. मला जेवण गेलं नाही. त्याच कपाटात तिचं मतदार कार्ड आहे.

४ जाने.
लिहून टाकतो. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून ही वही बरी.
मागच्या निवडणुकीआधी पक्षाचा वॉर्ड सेक्रेटरी सेल्वम गल्लीत मतदारयादीसाठी नावं नोंदवत आला होता. रेशनकार्डावर नाव आहे ना, मग झालं, म्हणाला. फॉर्म मी भरला. ‘भारताची नागरिक’, तिथे खूण मीच केली. तिने न वाचता सही केली, माझ्यावर भरवसा. मत देऊन आली आणि शाईचं बोट दिवसभर मिरवलं. शेजारणींनासुद्धा दाखवलं.

५ जाने., सोम.
कामात लक्ष नाही. गिंडीच्या कामावरून सुटल्यावर तडक आमच्या भागात, तिरुवल्लिकेणीत, सेल्वमच्या पक्षकचेरीत. म्हणाला, गप्प बसा, कोण बघतंय. यादीतून नाव काढून घेऊ का विचारलं तर चेहराच बदलला. वॉर्डाची निवडणूक तोंडावर आलीय, त्याला एकेक मत हवं.
वर हसून, “सार, फॉर्मवर माझी सही नाही.”
मेला खरं तेच बोलला.

६ जाने.
शांतीला सांगितलं शेवटी. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, कार्ड घरीच ठेवू, विचारलं तर बघू. बराच वेळ भांडी घासत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, “म्हणजे मी खोटं मत दिलं?”
लाज वाटली. स्वतःची. सेल्वमला शिव्या देऊन काय उपयोग, आपलेच दात आपलेच ओठ.

७ जाने., बुध.
कलेक्टर ऑफिसचा बाक. साडेअकरा.
निघताना तिने कार्ड काढून फाईलमध्ये पासपोर्टच्या वर ठेवलं. “मी दाखवणार. खूण कोणी केली ते तुम्ही सांगा.” हो म्हटलं. अर्ज गेला तर? केस झाली तर, कोणावर? वकिलाला तरी आधी विचारायला—
नाव पुकारलं. फक्त तिचं. शिपाई म्हणतो, एकेकानेच आत. ती गेली नाही. दार धरून उभी आहे, माझ्याकडे बघत.