दोन्ही टोकांना बत्ती

अण्णा, तुमच्या जावयाबद्दलची एक गोष्ट दुरुस्त करायला बसले आहे, आणि सकाळपासून तीनदा उठले.

आज लेकीच्या गाडीचा हॉर्न बंद पडला. मी तुमची टेस्ट बत्ती काढली. तोच बल्ब, त्याच दोन तारा. फ्यूज वरून धड दिसत होता, पण एका टोकाला बत्ती लागली, दुसऱ्याला नाही; आतून उडाला होता. "आई, नवा टाक ना जल्दी," लेक म्हणाली. मी आधी सीटखाली घासून उघडी पडलेली तार शोधली. वाटूर फाट्यावरच्या आपल्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात तुम्ही हेच सांगायचात, "डोळ्यावर जाऊ नको, बाई. दोन्ही टोकांना बत्ती लाव, मंग बोल." एकदा वऱ्हाडाची जीप खोळंबली म्हणून मी उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. तुम्ही ती सगळ्यांसमोर काढून माझ्या हातावर ठेवलीत. "तो उडाला म्हणून गाडी वाचली. त्याच्या जागी हे घालतीस?" नवरदेवाचा मामा हसला, "राहू द्या अण्णा, पोरीनं मुहूर्त तरी वाचवला असता!" तुम्ही हसला नाहीत.

मग लग्नानंतर वडीगोद्रीला आमची जीप जळली. त्या सकाळी फ्यूज पुन्हा उडाला होता, जवळ दुसरा नव्हता, आणि बाजाराला निघालेली माणसं आत बसून ओरडत होती. गावाबाहेर धूर निघाला, सगळे उड्या मारून वाचले. तुम्ही आलात, फ्यूजच्या जागची तांब्याची तार पकडीने ओढून काढलीत आणि यांच्यापुढे धरलीत. "ड्रायव्हर म्हणवता अन् हे?" हे खाली मान घालून म्हणाले, "चुकलं, मामा." त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत यांच्याशी धड बोलला नाहीत. चहासुद्धा माझ्यामार्फत विचारायचात. हे मला हसून म्हणायचे, "मामांच्या लेखी मी उडालेला फ्यूज. तू सलामत आहेस ना, मंग झालं." आता हेही नाहीत.

ती तार मी घातली होती, अण्णा. मी तिथेच उभी होते, तारेने कापलेलं बोट पदरात धरून. तुम्ही फ्यूज दोन्ही टोकांना तपासायचात. त्या दिवशी मला विचारलंच नाहीत, आणि मला ते बरं वाटलं.

हा कागद बत्तीच्या डब्यात ठेवते आहे. आत्ता लेक डोकावून गेली. "काय लिहून राह्यलीस?" म्हणाली. किराण्याची यादी, म्हणून सांगितलं. जीप आपल्या बाबांनीच जाळली, असं तिलाही अजून वाटतं.